तीन तोळे कॉफी

यशवंतराव रविवारी चार वाजता कॉफीला येणार हे ठरल्यापासून इंदुताईंनी चिंचवडच्या घरी सात चाचण्या घेतल्या होत्या. पिंपरीच्या औषध कारखान्यातल्या प्रयोगशाळेत त्या वजनं करत. सहा महिन्यांची उमेदवारी संपत आली होती आणि त्यांना कायम करायचं की नाही, हे यशवंतरावांच्या हातात होतं. मद्रासला शिकलेल्या या साहेबांना फिल्टरचीच कॉफी लागे. इंदुताईंना ती येत नव्हती. पण जे मोजता येतं ते करता येतं, अशी बी.एस्सी. झाल्यापासून त्यांची समजूत होती.

पुण्याहून दोनमजली पितळी फिल्टर आला. सोनाराचा तराजू मागून आणला. वहीत रकाने आखले. दोन तोळे पूड: पाणचट. चार तोळे: कडू. तीन तोळे: उत्तम. सातव्या कॉफीनंतर हात थरथरत असल्यामुळे अक्षर जरा वाईट आलं, तेवढंच.

रविवारी साडेतीनला त्यांनी पूड मोजून वरच्या भांड्यात भरली आणि त्या केस नीट करायला गेल्या. परत येऊन उकळतं पाणी ओतलं. चारला साहेब आले. सव्वाचार झाले तरी खालच्या भांड्यात एक थेंब नव्हता.

"अगं, अजून किती वेळ?" इंदुताईंचे यजमान अर्जुनराव आत येऊन कुजबुजले. "लोणावळ्याची हवासुद्धा बोलून झाली आमची."

"पाणी उतरतच नाही हो. सातही वेळा उतरलं होतं."

"मग दाब द्यायला हवा."

त्यांनी सायकलचा पंप आणला. नळी झाकणाच्या भोकात, भोवती ओलं फडकं, आणि झाकणावर इंदुताईंचे दोन्ही हात. आधी काहीच झालं नाही. म्हणून अर्जुनरावांनी चिडून जोर लावला. फिल्टर शिंकला, झाकण छताला लागलं आणि "काही मदत हवी का?" म्हणत दारात आलेल्या यशवंतरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर कॉफीचा नकाशा उमटला.

"सदरा राहू द्या," ते म्हणाले. खालच्या भांड्यात वाटीभर काळा दाट अर्क उतरला होता, वर सोनेरी फेस. त्यांनी वाटीत ओतून घोट घेतला. डोळे मिटले. वाटी संपवली. "पूड किती घातलीत?"

"तीन तोळे. बरोब्बर."

"न्हाई बाई," चुलीपाशी बसलेल्या सासूबाई, दुर्गाबाई म्हणाल्या. "वर माझी मूठभर हाय. चांगली दाबून बसवली. पाव्हण्याला काय कुनी मोजून घालतं व्हय?"

इंदुताईंना नोकरी दाराबाहेर जाताना दिसली. तरी त्यांनी वही उघडली, 'तीन तोळे' खोडलं आणि लिहिलं: 'अधिक सासूबाईंची मूठ. वजन माहीत नाही. पंप किती वेळा मारला, मोजलं नाही.'

यशवंतरावांनी वाकून वाचलं. "उद्या कायमचा कागद पाठवतो. स्वतःचा आकडा खोडणारं माणूस प्रयोगशाळेत मला अजून दिसलं नव्हतं." मग ते उत्साहाने वळले. "आता आजींची मूठ तेवढी तराजूत घालू."

दुर्गाबाईंनी हात पदराआड नेला. "मोजली की बरकत जाती, साहेब."

साहेबांनी तराजूकडे पाहिलं, मग रिकाम्या वाटीकडे. तराजू हळूच बाजूला सारून त्यांनी वाटी पुढे केली.