भरमाण्णांच्या पडद्यावरची बहीण

भरमाण्णांना मराठी येतं, कन्नड येतं, आणि या दोन्हींच्या जोरावर जगातल्या उरलेल्या सगळ्या भाषा येतात, अशी त्यांची पक्की समजूत आहे. दर शनिवारी निपाणीजवळच्या आमच्या गावात शाळेच्या पटांगणावर चादर बांधून मी जगावेगळ्या माणसांवरचे छोटे माहितीपट दाखवतो. मी शाळेतला इंग्रजीचा मास्तर. फिल्म मी आणतो, प्रोजेक्टर मी लावतो, आणि लोक येतात ते भरमाण्णांना ऐकायला.

अण्णा जैन. दिवस मावळायच्या आत जेवून, हातात उसाचं कांडकं घेऊन चादरीजवळ हजर. कांडक्यानं ते पडद्यावरच्या माणसाला असं ढोसतात, की सातासमुद्रापलीकडं तो बिचारा बरगडी चोळत असणार. आवाज असा, की संकेश्वरपर्यंत हायवेवरचे ट्रक कुणी हाक मारली म्हणून थांबतात.

"ह्यो जपानचा. मोडक्या छत्र्या गोळा करतोय. येडा न्हाय, नाद हाय. लिवून घ्या."

'लिवून घ्या' हे त्यांच्या प्रत्येक वाक्याचं शेपूट. आजवर कुणी एक अक्षर लिहिलेलं नाही.

पहिल्या रांगेतल्या गंगाआक्का दर फिल्मला एकच प्रश्न विचारतात. कोण हाय का त्येला?

"हाय की. भन हाय. दर ऐतवारी डबा घिऊन येती."

खाली इंग्रजीत धडधडीत लिहिलेलं असतं, की या माणसाला कुणीही नाही. ते वाचता येणारा पटांगणात मी एकटा, आणि मी गप्प. बर्फात घंटा वाजवणाऱ्याला बहीण मिळाली, वाळवंटात पतंग उडवणाऱ्याला मिळाली. भर समुद्रातल्या दीपगृहावर एकटा राहणारा एक म्हातारा आला, तेव्हा मला वाटलं, आता अण्णा अडकले.

"होडीनं येती," अण्णा म्हणाले. "वल्हं स्वता मारती. लिवून घ्या."

मागच्या महिन्यात मात्र घात झाला. कॉलेजच्या पोरांनी काढलेली एक फिल्म मला मिळाली. कणकुंबीच्या रानात राहणारा धाकू नावाचा म्हातारा, पाखरांच्या आवाजात पाखरांशी भांडणारा. फिल्म मराठीत. आज समजावून सांगायची गरज नाही, असं मी अण्णांना आधीच सांगितलं, तर त्यांचं तोंड नापास झालेल्या पोरासारखं झालं.

लोक हसून लोळले. मग धाकूनं कॅमेऱ्याकडं बघून सरळ सांगितलं, की त्याला या जगात कुणी नाही.

गंगाआक्का अण्णांकडं वळल्या. सगळं पटांगण वळलं. कांडकं हवेतच राहिलं. थाप मारायला या वेळी जागाच नव्हती.

"त्येला अजून ठावं न्हाय," अण्णा हळू म्हणाले. लिवून घ्या, म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन माझ्या दारात. चला मास्तर. निपाणीहून बेळगाव, तिथून जांबोटीवरून कणकुंबी. एवढ्या प्रवासात अण्णा बोलले नाहीत. कंडक्टरनं दोनदा तब्येत विचारली. अण्णांच्या घरी अण्णांशिवाय कुणी नाही, हे मला माहीत होतं. त्या दिवशी बसमध्ये ते पहिल्यांदा ध्यानात आलं.

धाकू दारातच भेटला. कोण तुम्ही, त्यानं विचारलं.

अण्णांनी पिशवीतून डबा काढला.

"तुमची भन येणार हुती. तिला जमलं न्हाय. म्हणून मी आलो."

धाकूनं डबा हातात घेतला. मग दारातून बाजूला सरकला. आत बसून त्यानं झाकण काढलं. भाकरी, आणि बिनकांद्याचा झुणका.

तो झुणका मी ओळखला.

अकरा वर्षांपूर्वी बदली होऊन मी या गावात आलो, तेव्हा ओळखीचं कुत्रंही नव्हतं. पहिल्याच रविवारी खोलीच्या कडीला डबा लटकलेला. शेजारी म्हणाले, तुमच्या बहिणीनं धाडलाय म्हणून कुणीतरी ठेवून गेलं. मला बहीण नाही. डबा दुसऱ्या कुणाचा तरी असणार असं समजून, मालक यायच्या आत मी तो घाईघाईनं संपवला. पुढं सगळा पावसाळा दर रविवारी तो येत राहिला, आणि मालक काही आला नाही.

धाकूनं अर्धी भाकरी अण्णांच्या हातावर ठेवली, चतकोर माझ्या.

"अण्णा," मी म्हणालो, "बहिणीला सांगा. झुणका तेव्हाही झकास झालता."

अण्णांनी भाकरीचा एक तुकडा मोडून बाहेरच्या पाखरांना टाकला.

"सांगतो," ते म्हणाले.