कळसावरचा सूर्य

१९९४ साली इंदापूर तालुक्यात साहेबाच्या काळातलं अस्सल चित्र फक्त आमच्याच घरी होतं, असं मी छातीठोकपणे सांगत असे. शंभर वर्षांपूर्वी कुणा साहेबानं भीमाकाठी बसून आमचं गाव रंगवलं होतं. नदी, झाडं, गुरं, मधोमध देऊळ आणि काठावर टोपी घातलेली त्याची मडम!

ते गाव धरणात गेलं तेव्हा माझ्या सासूबाई, प्रयागबाई, भरल्या ताटावरून उठून जायच्या. शेवटी सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, कालवा खात्याच्या बंगल्यातल्या लिलावातून हे चित्र डोक्यावरून आणलं. "घे तुझं गाव," म्हणाले. त्या दिवसापासून सासूबाई जेवू लागल्या. मी सून होऊन आले ती त्यानंतर. त्यामुळे गाव पाहिलं ते चित्रातच.

त्या वर्षी बारामतीत जुन्या चित्रांचं प्रदर्शन भरायचं होतं. मी परस्पर पुण्याच्या प्राध्यापक खांबेट्यांना चित्र पारखायला बोलावलं आणि जुन्या गावच्या म्हाताऱ्यांना चहा सांगितला. अप्पा सकाळपासून ताप आल्याचं सांगत होते. कपाळाला हात लावला, तर माठासारखं गार!

प्राध्यापक चित्रापुढे उभे राहिले आणि गुळासारखे विरघळले.

"हा लाल सूर्य बघा! नेमका कळसावर टेकवलाय. एकोणिसाव्या शतकात केवढं हे धाडस!"

मी तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगले.

तेवढ्यात सासूबाई आंघोळ करून आल्या. प्राध्यापकांना जरा सरकायला सांगून त्यांनी बोटावर कुंकू घेतलं आणि रोजच्यासारखं सूर्यावर टेकवलं.

प्राध्यापकांच्या हातातली बशी पडली. सूर्य मुळात कुंकवाचाच होता, वर्षानुवर्षांच्या थरांचा! त्यांनी रुमाल काढून कुंकू पुसलं. सूर्य मावळला आणि खालून क्रूस निघाला.

"हे चर्च आहे," ते कसेबसे म्हणाले. "गाव विलायतेतलं आहे."

आता सासूबाई पुन्हा अन्न सोडणार! अप्पांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. म्हातारी मंडळी आपापल्या कपात बघत राहिली.

सासूबाईंनी निवांतपणे परत कुंकू घेतलं. "पुसू नका, मास्तर. फुली दिसती म्हणून तर लावती."

अप्पा गर्रकन वळले. "तुला ठावं हुतं?"

"मग? आपल्या घाटावर टोपीवाली बाई कुणी बघितली व्हती? पर एवढं डोक्यावरनं आणलंसा. तुमास्नी कुणी हसाय नको."

"आमीबी म्हणूनच गप हुतो," शेजारच्या कौसल्याकाकू म्हणाल्या. सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

म्हणजे एवढी वर्षं ते गाव खरं मानणारी मी एकटीच!

प्राध्यापक पुन्हा इंदापूरला आले नाहीत. अप्पांचा ताप त्याच दिवशी पळाला. पुढं ते गेले, मग सासूबाईही गेल्या; शेवटपर्यंत कुंकू चुकलं नाही. कौसल्याकाकू लेकाकडं सणसरला राहायला गेल्या.

चित्र आता माझ्याकडं आहे. परवा नातीनं विचारलं, "आजी, हे कुठलं गाव?"

"आपलंच," मी म्हणाले आणि घाईघाईनं कुंकवाचा करंडा शोधू लागले.