काचेखालची जाळी

बिराजदारकाका नमस्कार करण्याआधी तुमच्या गाडीचा वास घेतात. तुम्ही काच खाली करून "काय काका, बरे आहात ना?" म्हणेपर्यंत त्यांचं डोकं खिडकीतून आत आलेलं असतं. डोळे मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या. मग डोकं बाहेर जातं आणि निकाल लागतो: "वास यायलाय."

कशाचा, तेही ते सांगतात, आणि आवाज अजिबात खाली न आणता सांगतात. आमच्या काळेवाडीच्या सोसायटीत यावरून एक-दोन घरांत चांगलीच वाजली आहे. चेअरमनच्या गाडीत डोकं घालून ते म्हणाले होते, "दूध सांडलंय. लई दिवस झाले." शेजारी बसलेल्या चेअरमनीणबाईंना ही बातमी तेव्हाच कळली.

काका मूळचे लातूरकडचे. इथल्या एका मोटार कारखान्यात त्यांनी नोकरी केली, तीही शॉवर टेस्टला. तयार झालेली प्रत्येक गाडी तिथे धो धो पाण्याखालून जाते, मग एक माणूस टॉर्च घेऊन आत शिरतो आणि ओल कुठे आली ते शोधतो. तो माणूस म्हणजे काका. तीस वर्षं गाड्यांना आंघोळी घातल्यावर माणूस जगाकडे सरळ बघू शकत नसावा. काकांच्या मते सांधेदुखी, भिंतीचे पोपडे आणि भावाभावांतली भांडणं या सगळ्यांच्या मुळाशी ओल असते.

रोज संध्याकाळी ते पार्किंगमध्ये फेरी मारतात आणि गाड्यांच्या खाली वाकून बघतात. एसी लावून आलेल्या गाडीखाली पाणी टपकलं पाहिजे. टपकत नसेल तर ते आतच साठतंय, असा त्यांचा हिशेब. फरशी कोरडी दिसली की ते कासावीस होतात. एकदा लिफ्टमध्ये, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या चार बायकांदेखत त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तुमच्या गाडीला लघवी साफ होते का?" त्यानंतर दोन वर्षं मी जिन्याने ये-जा केली. गुडघे चांगले राहिले, तो फायदा वेगळा.

गुडघ्यांवरूनच पुढचं सांगते. गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं की पहिले दीड-दोन महिने व्यायाम चुकला तर पाय कायमचा ताठ राहील. आठवड्यातून तीनदा आकुर्डीला फिजिओथेरपी. मी चाकणच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते. त्या तीन दिवशी उशिरा येण्याची परवानगी घेतली, नवऱ्याची शिफ्ट बदलून मिळत नव्हती, म्हणजे नेआण माझ्याकडे. सगळं नीट आखलं होतं. फक्त आमच्या गाडीचा एसी सुरू केला की कुबट वास यायचा. भिजलेलं पोतं खोलीत कोंडून ठेवल्यासारखा. पावसात काच उघडावी तर सासूबाई भिजायच्या आणि मिटावी तर त्यांना मळमळायचं. दुसऱ्या खेपेला त्यांनी माझ्या पर्समध्येच उलटी केली.

तिसऱ्या खेपेला त्या गाडीत बसेनात. रिक्षात पाय दुमडत नव्हता. माझ्या सासूबाई मावळातल्या. त्यांनी एकदा नाही म्हटलं की ते डोंगराने म्हटल्यासारखं असतं. "मरायचं आसंल तर घरात मरंन," त्या म्हणाल्या, "त्या डबड्यात न्हाई."

मला याचंच नवल वाटलं, कारण त्या डबड्यावर त्यांचा फार जीव. गाडी घेतल्यापासून दर दसऱ्याला तिची पूजा त्याच करतात. हळदकुंकू, अक्षता, सुपारी, नारळाचं पाणी, हार आणि परडीभर झेंडू. पोराची गाडी आहे, सुखरूप घरी आली पाहिजे, म्हणून त्यात दुसऱ्या कुणाला हातही लावू देत नाहीत.

मी माझ्या परीने सगळं केलं. सुगंधी डबी टांगली, कापूर ठेवला, लिंबं कापून ठेवली. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दोनदा फवारा मारून दिला. चार दिवस गाडीला लिंबाच्या लोणच्याचा वास आला, खाली कुबट होताच. दोन आठवड्यांत तीन खेपा बुडाल्या. फिजिओथेरपिस्ट बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, आता बुडवलं तर नंतर माझ्याकडे आणू नका. त्या दिवशी मी जिना सोडून लिफ्टने गेले आणि काकांची बेल वाजवली.

काकांनी दारातच विचारलं, काय काय करून पाहिलं. मी यादी सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, "मॅडम, वास पाहुणा नसतोय, भाडेकरू असतोय. अत्तर शिंपडून भाडेकरू जातोय का? त्याची खोली कुठंय ते बघावं लागतंय."

रविवारी सकाळी ऊन पडलं तसे ते पान्यांची पिशवी घेऊन खाली आले. सासूबाईंनाही यायचं होतं. गाडी आपली आहे, परका माणूस ती खोलतोय, लक्ष नको? त्यांना वॉकर धरून आणलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं.

काकांनी आधी डॅशबोर्डचा कप्पा काढून फिल्टर बाहेर ओढला. तो काळाठिक्कर आणि ओला होता. पायाखालचं कार्पेट दाबलं तर बोटं भिजली. "ही एसीची ओल नाही," ते पुटपुटले, "पाणी वरून यायलंय." मग वायपर काढले आणि समोरच्या काचेखाली असते ती जाळी उचकटली. त्या जाळीतून गाडी बाहेरची हवा घेते. पाऊस पडला तर पाणी तिथूनच एका नळीवाटे खाली जातं. नळी गच्च तुंबली होती. काकांनी कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर काळा लगदा बाहेर काढला. मी शेजारीच उभी होते. लगद्यात केशरी दोरा होता. तांदळाचे दाणे होते. एक सुपारी होती.

तीन दसऱ्यांचे झेंडू. वाऱ्याने उडून भुईवर पडू नयेत, कुणाच्या पायाखाली येऊ नयेत, म्हणून सासूबाईंनी ते दर वर्षी त्या जाळीत एकेक करून नीट खोचले होते. वरून नारळाचं पाणी घातलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हार काढायचे तेव्हा मला वाटायचं, निम्मी फुलं गेली कुठे.

"काय घावलं वं भाऊ?" सासूबाईंनी खुर्चीतून विचारलं.

भर सोसायटीत दूध आणि लघवी काढणारा हा माणूस आता काय बोलणार, ते मला ठाऊक होतं. आणि ते ऐकल्यावर सासूबाई त्या गाडीत तर बसणार नाहीतच, पुन्हा कधी कशाची पूजा करतील की नाही तेही सांगता येत नव्हतं.

काकांनी तळहाताकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे. मग मूठ मिटली.

"उंदीर, आक्का," ते म्हणाले. "उंदरानं घर केलंतं."

"मेला मुडदा," सासूबाई म्हणाल्या आणि समाधानाने मागे टेकल्या.

लगदा काकांनी कचऱ्यात टाकला नाही. नळाखाली सुपारी आणि दोरा वेगळा केला, बाकीचा तुळशीच्या आळ्यात पुरला. मी मागोमाग गेले आणि आभार मानू लागले. त्यांनी हात झटकला.

"माझ्या गाडीत बी हेच झालंतं," ते म्हणाले. "मी आमच्या हिला चार माणसांदेखत बोललो. बरोबरच बोललो, नळी तुंबलीच होती. तवापासून हिनं गाडीला फूल वाहिलं नाही. सतरा वर्षं झाली." मग हाताची माती धुता धुता म्हणाले, "गाडी एकदम कोरडी आहे, बगा."

काकू तीन वर्षांपूर्वी नातवाला सांभाळायला मुलाकडे बंगळूरला गेल्या, त्या बहुतेक तिथेच असतात. काकांना तिथे करमत नाही. मुलाच्या बिल्डिंगमधल्या गाड्यांचा वास घेतल्याबद्दल तक्रार आली होती म्हणे.

दुपारपर्यंत काकांनी नळी मोकळी केली, एसीच्या आतल्या गार जाळीवर फेस मारून ती धुतली, कार्पेट उन्हात टाकलं, नवा फिल्टर बसवला. शेवटी मला समोर उभं करून नियम सांगितला: घर यायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करायचा आणि नुसता पंखा चालू ठेवायचा, म्हणजे आतली ओल वाळते. "गारवा आधी उतरवा, मग तुम्ही उतरा." मला त्यांनी तो तीनदा म्हणायला लावला.

सोमवारी सासूबाई गाडीत बसल्या. नाकाला पदर लावूनच बसल्या. चिंचवड आलं तसा पदर खाली आला. आकुर्डीला उतरताना म्हणाल्या, "उंदीर ग्येला जनू." त्यानंतर एकही खेप बुडाली नाही आणि दोन महिन्यांत त्या काठी घेऊन जिना उतरू लागल्या. मी कुणाचे उपकार लवकर मानत नाही. काकांचे मानते. आता लिफ्टमध्ये मीच त्यांना सांगते, "झाली काका, साफ झाली." बायका बघतात. बघू देत.

दसऱ्याला सासूबाई ताट घेऊन स्वतःच्या पायांनी पार्किंगमध्ये आल्या. आमच्या गाडीच्या जाळीवर एक स्वच्छ पंचा आधीच अंथरलेला होता. "ह्ये फडकं कशापायी?" त्यांनी विचारलं. शेजारच्या खांबाला टेकून उभे असलेले काका म्हणाले, "उंदीर येतोय, आक्का." त्यांना ते पटलं. मनसोक्त फुलं वाहून झाल्यावर त्यांनी काकांच्या गाडीकडे बघितलं. पुसून लख्ख केलेली, तिच्यावर पाकळी नाही. जाळीवर मात्र तसाच पंचा.

"हिला न्हाई केली व्हय पूजा?" त्या म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता तिकडे वळल्या. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, उरलेले सगळे झेंडू बॉनेटवर मांडले. काका कवायतीत उभे राहावेत तसे ताठ उभे होते. मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि फोटो काढायला सांगितला. मी बॉनेटचा काढला. "आमच्या हिला पाठवा," ते म्हणाले. पाठवला.

आम्ही ताट आवरत होतो तेवढ्यात फोन वाजला. काकांनी तो डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला, चष्मा वर घरात राहिलाय म्हणाले आणि मलाच वाचायला दिला. काकूंनी एकच ओळ लिहिली होती.

"फुलांच्या आधी जाळी झाकली का?"

मी वाचून दाखवलं. काकांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा पंच्याकडे.

"लिवा," ते म्हणाले. "हाव. आधीच झाकली."