बाराव्या स्लाइडमधले रखमाजी

अण्णासाहेबांनी पुण्याहून मुलानं पाठवलेलं स्कॅनरचं खोकं फोडलं, स्कॅनरच्या फटीत स्लाइड घालून पाहिली आणि त्यांचं डोकंच फिरलं. फट जेमतेम दोन इंचांची आणि स्लाइड तळहाताएवढी! त्यांनी लागलीच चिरंजीवांना, म्हणजे बबलूला, फोन लावला.

"मोठी स्लाइड हाय म्हणून चारदा सांगितलं व्हतं न्हाई का तुला?"

"अण्णा, खोक्यावर स्लाइड स्कॅनरच लिहिलंय."

"चपलीच्या खोक्यावरबी चप्पलच लिहिलेलं असतं. मंग काय ती कुणाच्याबी पायात बसती का?"

"मुंबईला लॅब आहे. कुरिअरनं पाठवा, पंधरा दिवसांत..."

"बाप कुरिअरनं पाठवू? आन् रविवारी शाळेत काय लावू, तुझं तोंड?"

टेंभुर्णीच्या शाळेला जागा देणाऱ्या रखमाजींचा फोटो रविवारी शाळेत लागायचा होता. रखमाजी म्हणजे अण्णासाहेबांचे वडील, आणि त्यांचा उभ्या जगात एकच फोटो होता, तो या स्लाइडवर. अण्णासाहेब कृषी खात्यात नवे होते तेव्हा शेतकऱ्यांना दाखवायला किडींचे फोटो काढत. खात्याच्या रोलवर बारा फोटो निघायचे. अकरा अळ्यांचे झाल्यावर बाराव्यात त्यांनी ज्वारीत उभे असलेले वडील टिपले. त्याच साली वडील गेले. स्लाइड उजेडाकडे धरली की ज्वारीत माणूस दिसे, पण चेहरा हरभऱ्याएवढा. तो मोठा असा कुणी पाहिलाच नव्हता.

अण्णासाहेब तणतणत चौकात सोमेश्वरच्या दुकानात गेले. सातबारा म्हणा, आधार म्हणा, अख्खं गाव तिथंच स्कॅन करून घेई. सोमेश्वरनं स्लाइड काचेवर ठेवली, झाकण दाबलं आणि कागदावर काळाकुट्ट चौकोन निघाला.

"मागची बाजूबी काढू का, सायेब?"

"आधार कार्ड हाय का ते?"

तोवर मागची बाजूही निघाली होती. तीही काळीच. वर सोमेश्वरनं सवयीनं दोन्हींवर 'सत्यप्रत'चा शिक्का हाणला.

"कशाची सत्यप्रत रे? अंधाराची?"

"तापू नका सायेब. स्लाइडला उजेड वरून लागतो. झाकणात दिवा असलेला स्कॅनर पायजे. जाफराबादला माझ्या दोस्ताकडं हाय, जल्दी मागवतो."

दोन तासांनी तो स्कॅनर मोटरसायकलवरून आला. झाकणात दिवा होता, सगळं बराबर होतं, पण त्याच्या साच्यात नुसती फिल्म बसायची. स्लाइडची जाडजूड चौकट काही केल्या आत जाईना. सोमेश्वरनं खणातून कात्री काढली.

"चौकट कापून फिल्म भायेर घेऊ. दोन मिनटाचं काम."

"कात्री खाली ठेव! माझा बाप हाय त्याच्यात!"

अण्णासाहेब एवढ्यानं ओरडले की समोरच्या हॉटेलातले लोक कप हातात घेऊन बाहेर आले. ही फिल्म फाटली तर वडील दुसऱ्यांदा जातील, असं त्यांना वाटलं.

"लई राग बाबा तुम्हाला," सोमेश्वर कात्री ठेवत पुटपुटला.

"माझ्या बापावर, दादांवर गेलोय मी! जमदग्नी व्हते ते. राग आमच्या रक्तातच हाय."

एवढ्यात अण्णासाहेबांच्या पत्नी बेबीनंदाबाई त्यांना जेवायला बोलवायला आल्या. भांडणाचं कारण त्यांनी ऐकून घेतलं आणि सोमेश्वरला कॉम्प्युटरचा पडदा पांढरा करायला लावला. मग त्यासमोर दोन बोटांच्या अंतरावर स्लाइड धरून त्यांनी मोबाइलनं फोटो काढला.

"हे कुठं शिकली तू?"

"माझ्या गुडघ्याचा एक्स-रे असाच तर पाठवते बबलूला. तुम्ही कुणाला बोलू द्याल तर ना!"

सोमेश्वरनं फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला. ज्वारी बाजूला झाली आणि पडदाभर रखमाजी आले. डोळे मिटलेले, पुढचा एक दात पडलेला, आणि पोट धरून हसणारे.

अण्णासाहेबांचे डोळे भरून आले. हे हसू त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

बेबीनंदाबाई बराच वेळ सासऱ्यांकडे बघत राहिल्या. "मी लग्न करून आल्ते तवा मामंजी न्हवते. चाळीस वर्षं तुमचा राग त्यांचा समजून ऐकून घेतला मी. हे तर बिलकुल गरीब माणूस दिसून राह्यले."

अण्णासाहेबांनी उपरण्यानं नाक पुसलं आणि घसा खाकरला.

"मंग आईचा असंल."

"बराबर हाय," बेबीनंदाबाई म्हणाल्या. "त्यांचा फोटोच न्हाई ना."