सेफ्टीचा तांब्या

यंत्राला हात कसा लावावा हे मुरबाडच्या एमआयडीसीत कुणालाही विचारा, लोक माझं नाव सांगतील. निदान आमच्या कंपनीतले तरी सांगतील. मी तिथे मेंटेनन्सला आहे. गेल्या सेफ्टी सप्ताहात मला पहिलं बक्षीस मिळालं: स्टीलचा तांब्या, वर 'इंद्रजीत' असं नाव कोरलेला. बारा वर्षांत सप्लाय बंद केल्याशिवाय मी एकही मशीन उघडलेलं नाही, म्हणून. आता ते माझ्या हातालाच पाठ झालंय, डोक्याला विचारावं लागत नाही.

म्हणून संध्या, म्हणजे माझी बायको, कॉम्प्युटर घ्यायचा म्हणाली तेव्हा मी छाती काढून म्हटलं, "तयार कशाला? सुटे भाग आणू, मी घरी जोडतो."

"अहो, नक्की जमंल ना? शनवारी चार वाजता टेस्ट हाय माझी."

ही टेस्ट साधीसुधी नव्हती. संध्या तेव्हा रोज पहाटे धसईहून जीपने मुरबाड, तिथून एसटीने कल्याण अशी ऑफिसला जायची. घरी यायची तेव्हा आमच्या अर्ध्या गावाचं जेवून झालेलं असायचं. आता एका कंपनीने घरबसल्या काम द्यायची तयारी दाखवली होती. अट एकच. शनिवारी चारला स्वतःच्या कॉम्प्युटरवर टायपिंगची टेस्ट द्यायची. चुकली तर पुढचा उमेदवार, आणि संध्याची पुन्हा ती पहाटेची जीप.

शनिवारी रजा टाकून सकाळी नऊ वाजता मी शेवटचा स्क्रू आवळला. कॉम्प्युटरची पेटी टेबलावर ठेवली. पेटीचं तोंड आमच्याकडे, पाठ आईकडे. आई, म्हणजे बाईजा, पलीकडे खाटेवर वाल सोलत बसली होती. मी पुढचं बटण दाबलं.

काही नाही. दिवा नाही, पंखा नाही, कुरकुर नाही.

"नवीन हाय, लाजतोय," मी म्हटलं आणि झाकण उघडलं. सगळ्या वायरी पुन्हा घट्ट बसवल्या, झाकण लावलं, बटण दाबलं. पेटी गप्पच. मग मी भिंतीच्या त्याच प्लगात मिक्सर लावून बघितला. तो असा ओरडला की आईच्या हातातले वाल सांडले.

"इंद्रा, मी काय म्हनते, ते मागं..."

"आई, यातलं तुला नाय कळायचं."

मला वेगळाच संशय होता. आमच्या आईने जन्मात एकही बटण चालू सोडलेलं नाही. दिवा, पंखा, टीव्ही, कुणी उठलं की ही बंद करणार. एकदा पाहुण्यांच्या लग्नाला निघताना तिने फ्रिजही बंद केला होता, आणि परत आलो तेव्हा बोंबील आम्हाला दारापर्यंत घ्यायला आले होते. मी सरळच विचारलं, "तू कायतरी बंद केलंस का गो?"

आईने वालाचं टोपलं उचललं आणि ती माझ्याकडे पाठ करून बसली.

शेवटी पेटी मांडीवर घेऊन मी जीपने मुरबाड गाठलं. जिथून भाग घेतले, आतलं सॉफ्टवेअर भरून घेतलं, त्या दुकानाचे कुंडलिकशेठ वडापाव खात होते. त्यांनी एका हाताने वायर जोडली, हात जरा मागेपुढे फिरवला, पुढचं बटण दाबलं. पेटी घरघरली, निळे दिवे लागले.

"याला काय झालंय?" ते म्हणाले. "तुमच्या घरातली लाईट बघा."

दोनच्या सुमारास मी घरी आलो. धसईचा रस्ता कसा आहे ते तुम्हाला माहीत नसेल, पण आतल्या वायरी हलल्या असणार एवढं मला समजत होतं. म्हणून झाकण उघडून एकदा सगळं तपासलं. झाकण लावलं, बटण दाबलं. पेटी पुन्हा मुकी.

मग वायरमन रघू आला. त्याने टेस्टर लावला, मान हलवली आणि म्हणाला, "अर्थिंग सुकलंय. पानी वता."

मी परसात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला लागलो. घाईत हाताला बक्षिसाचा तांब्याच लागला. तीस-चाळीस तांबे ओतले. खड्ड्यात बेडूक आला, पण पेटीत जीव आला नाही. साडेतीन वाजले. मी पुन्हा झाकण उघडलं. संध्या नुसती घड्याळाकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते. बारा वर्षांचा मेंटेनन्सवाला, आणि घरातली एक पेटी चालू करता येईना.

चारला दहा मिनिटं होती. संध्या उठून खाटेपाशी गेली.

"आई, सकाळी तुमी काय सांगत होता?"

"आता इचारता व्हय?" आई वळली. "ह्यो जवा जवा डबा उघडतो ना, तवा पयला मागचं बारकं बटन खाली दाबतो. मंग झाकन लावतो नि पुढचं दाबीत बसतो. मागचं वर कोन करनार, माझा सासरा?"

मी पेटीच्या पाठीमागे वाकून बघितलं. वायर खुपसतात तिथेच एक काळं बटण होतं. खाली केलेलं. माझ्याच हाताने, डोक्याला न विचारता.

संध्याने ते वर केलं, पुढचं दाबलं. पेटी घरघरली. रघू खोकला आला म्हणून बाहेर गेला, आणि बराच वेळ बाहेर खोकत राहिला.

संध्या पास झाली. आता ती उजाडल्यावर उठते, आमच्याबरोबर जेवते, आणि त्या दिवसाचा विषय निघाला की हसायला आमच्याआधी तयार असते. पेटीला हात लावायला मला बंदी आहे.

खरी गंमत पुढेच आहे. रघूने ही गोष्ट बाजारापर्यंत पोचवली. आता आळीत कुणाचा पंखा, टीव्ही, मिक्सर अडला की माणसं आमच्या दाराशी येतात. मी पुढे होतो. ती माझ्या खांद्यावरून आत बघतात आणि विचारतात, "बाईजामावशी हायत का?"

मग आई चपला घालून निघते. आणि आलेल्या माणसाला मी पाणी आणून देतो, बक्षिसाच्या तांब्यातून.