नागूअण्णांचा पंचम

नागूअण्णांना रिकामी जागा बघवत नसे. टांगा भरला, घोड्यानं मान टाकली, टांगेवाला हात जोडू लागला, तरी अण्णा रस्त्यावरच्या कुणाला तरी हाक मारायचे, "या की, अजून एक बसतंय!" एकदा तो 'अजून एक' मीच होतो. स्टेशनपासून मंगळवार पेठेपर्यंत माझा एक पाय टांग्यात आणि एक हवेत होता.

पंगतीतही तेच. पानं मांडून झाली की हे मांडीला मांडी लावायला सांगून मध्येच आणखी पान टाकणार. शेजारी म्हणून त्यांना बोलवावं तर लागे, पण त्या दिवशी कुणाला धड जेवता येत नसे.

अण्णा मूळचे नाटक कंपनीतले पेटीवाले. कंपनी बुडाली, तसे सोलापुरातल्या एका मूकपटाच्या थिएटरात वाजवू लागले. मालकानं विलायतेला परतणाऱ्या कुणा साहेबाचा पियानो आणला आणि अण्णांना त्यापुढे बसवलं. पहिले काही दिवस त्यांचा उजवा हात सूर वाजवी आणि डावा पियानोच्या मागे भाता शोधत असे. पडद्यावर नायिका विहिरीत उडी घ्यायची आणि अण्णा हवेत भाता ओढत बसायचे. लोक नायिकेला सोडून अण्णांनाच बघत.

रेल्वेच्या इन्स्टिट्यूटात, म्हणजे साहेबलोकांच्या क्लबात, नाचासाठी पियानो वाजवणारे परेरा मास्तर गोव्याचे. त्यांनी या बेकार डाव्या हाताला कामाला लावलं. सा, ग, प एकदम दाबायचे, की झाली कॉर्ड. त्यावर एक सूर सोडून कोमल नी, मग तसाच वरचा रे, जमलं तर वरचा ध. "ही जाझची रीत," मास्तर म्हणाले. अण्णा हरखून गेले. "म्हंजी ह्यात बी अजून एक बसतंय की!"

झालं! अण्णा दिसेल तो सूर बसवू लागले. ऐकताना आठवड्याच्या बाजारात उभं असल्यासारखं वाटे. मास्तर कळवळून सांगत, "अण्णा, कॉर्डमधला पंचम सोडा. एवढ्या दाटीत त्याच्यावाचून काही अडत नाही. बाकीचे मोकळे होतील."

अण्णा उसळायचे. "पंगतीत बसलेल्याला ऊठ म्हनायचं? आमच्यात न्हाई तसलं."

मग बोलपट आला. पडदाच गाऊ लागला आणि मालकानं अण्णांना नारळ दिला. नातेपुत्याच्या पुतण्यानं त्यांना कायमचं बोलावलं. पण तिथं पियानो कुठला! तेवढ्यात परेरा मास्तर मुंबईला निघाले आणि आपल्या जागी त्यांनी अण्णांचं नाव सुचवलं. रविवारी सकाळी परीक्षा ठरली. मी रेल्वेच्या मालधक्क्यावरचा कारकून, म्हणून ओळखीपुरता सोबत गेलो. धडधड मात्र अण्णांपेक्षा मलाच जास्त.

इन्स्टिट्यूटचे सेक्रेटरी एक धिप्पाड गार्डसाहेब होते. अण्णांनी सुरुवात केली. तोच बाजार! साहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मला समोर नातेपुते दिसू लागलं.

अण्णा थांबले. त्यांनी एकदा आपल्या हातांकडे बघितलं. मग त्यांनी एक बोट वर उचललं आणि तीच कॉर्ड पुन्हा दाबली.

कोंदट खोलीचं दार उघडावं तसं झालं. एकेक सूर वेगळा, स्वच्छ ऐकू येऊ लागला. गार्डसाहेबांच्या बुटानं ठेका धरला, घड्याळ खिशात गेलं. "शनिवारपासून या," ते म्हणाले. माझा जीव असा भांड्यात पडला की साहेबांना सलाम करायचं सोडून मी पियानोलाच नमस्कार केला.

बाहेर कडुनिंबाखाली मी म्हटलं, "अण्णा, उठवलंत की शेवटी पंचमाला!"

अण्णा हसले नाहीत. "काल तंबोरा जुळवत बसलो हुतो, भाऊ. गंधाराची तार न्हाई त्यात, तरी गंधार बोलतुया. जल्मभर ऐकलं, पन ध्यान न्हाई दिलं." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "आमची कारभारीन गिरजा पलेगाच्या साथीत गेली. तवापासनं रिकामी जागा दिसली की जीव घाबरा हुतो बगा. दिसंल त्याला बसवत सुटतो. आज पयल्यांदा एक जागा तशीच ऱ्हाऊ दिली, तर पंचम न दाबता बी ऐकू आला."

इतकी वर्षं शेजारी राहून मी या माणसाला नुसता हसत आलो होतो.

"आनि भाऊ," अण्णा हळूच म्हणाले, "गिरजा बी तितंच हाय की वो."