सत्तेचाळीस नंबरचा कप्पा

वसंतकाका खेळाडूचे आधी दात पाहतात.

म्हणजे कार्डावरच्या खेळाडूचे. दुकानात मुलांसाठी क्रिकेट, कबड्डी, फुटबॉलच्या खेळाडूंची कार्डं मिळतात ना, चकचकीत पाकिटात बंद, आत कोण निघेल ते नशिबावर, ती काका जमवतात. पाकीट फोडलं की कार्ड तळहातावर घ्यायचं, खिडकीच्या उजेडाकडे जरा तिरपं करायचं, भिंगातून तोंड बघायचं, मग खांदे, मग पाय. शेवटी निदान. एका नावाजलेल्या फलंदाजाबद्दल ते म्हणाले होते, "चारा बरोबर खाते, पण उजवा मागचा आखडून राहिला. हा जास्त दिवस नाई चालत." त्या फलंदाजाने पुढच्याच सामन्यात शतक ठोकलं. बसचे कंडक्टर गजूभाऊ यांनी हे काकांना मुद्दाम ऐकवलं. काका शांतपणे म्हणाले, "औषध सुरू केलं असन कोणी."

काका सौसरच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. राहायला पांढुर्ण्यात, आमच्या भिंतीला भिंत लावून. सगळी नोकरी त्यांनी सकाळच्या बसने जाऊन-येऊन केली. रिटायर झाले, पण बस सुटली नाही. मी सौसरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा आईने मला त्यांच्या ताब्यात दिलं. ही कोणाशी बोलत नाही, हिच्याकडे लक्ष ठेवा, असं माझ्यासमोरच सांगितलं. ते खरंही आहे. घरात मराठी, बाजारात हिंदी, शाळेत इंग्रजी. मला तिन्ही भाषांत गप्प बसता येतं. काकांनी त्याला हरकत घेतली नाही. "न बोलणाऱ्या पेशंटचीच सवय हाय मले," एवढंच म्हणाले आणि खिडकीची जागा स्वतः घेतली.

काका सामने पाहत नाहीत. टीव्हीवर खेळाडू सारखे हलतात आणि हलणारं जनावर तपासता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. जुन्या, गाजलेल्या खेळाडूंचीही त्यांना ओढ नाही. जे आज चरून राहिले त्यायले पाहाचं, म्हणतात. एका बाजूला यष्टी किती असतात हे त्यांना ठाऊक असावं, पण मी कधी विचारून पाहिलेलं नाही.

कार्डं ठेवायला त्यांच्याकडे जाड अल्बम आहे. प्लास्टिकची पानं, पानाला नऊ कप्पे. पहिल्या पानाला ते "वार्ड" म्हणतात. तिथे त्यांची सगळ्यात लाडकी कार्डं भरती आहेत, आणि भरती व्हायला खेळाडू मोठा असून भागत नाही. सोनेरी, चमचम करणारी कार्डं, ज्यांच्यासाठी पोरं एकमेकांच्या शर्टाची बटणं तोडतात, ती काका अदलाबदलीत लगेच देऊन टाकतात. त्यांना ते "लग्नपत्रिका" म्हणतात. वार्डात एक कबड्डीपटू आहे, कारण समोरच्या गड्याला हात लावताना त्याने डोळे गच्च मिटलेत. "भेलेला हाय, तरी गेला," हे त्याचं निदान. एक हॉकीची गोलकीपर आहे, एवढं ओझं अंगावर घेऊन हसते म्हणून. एक परदेशी फुटबॉलपटू, ज्याचं नाव काकांनी कधी वाचलेलंच नाही. तो पडलेल्या गड्याला हात देऊन उठवतोय आणि काकांच्या मते ती पकड अगदी बरोबर आहे, चिखलात बसलेली म्हैस उठवताना असाच जोर लावतात. आणि बरोबर मधल्या कप्प्यात एक क्रिकेटचं कार्ड, जे कोणाच्या तरी पँटच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये जाऊन आलंय. खेळाडूचा चेहरा गेला, बॅट राहिली. त्याच्या बदल्यात काकांनी दोन लग्नपत्रिका दिल्या होत्या. मी कारण विचारलं तर म्हणाले, "ज्याचं तोंड गेलं त्याले कोण भरती करन?"

हे झालं आवडीचं. पण काका या रस्त्यावर ओळखले जातात ते नसलेल्या कार्डामुळे. एका हंगामाचा क्रिकेटचा अख्खा संच त्यांच्याकडे आहे, फक्त सत्तेचाळीस नंबरचा कप्पा रिकामा. सत्तेचाळीस नंबर कोणी तारा नव्हे. एका संघाचा राखीव यष्टिरक्षक, जो त्या हंगामात एकदाही मैदानात उतरला नाही. गजूभाऊंच्या मते त्याच्या आईनेच सगळी कार्डं विकत घेऊन कपाटात ठेवली असावीत.

या राखीव माणसासाठी काका रोज सौसरला जातात. स्टेशनरीच्या दुकानात विचारतात, चहा पितात, दुपारच्या बसने परततात. कधी पुढे लोधीखेड्याचा बाजार, कधी बोरगाव. एकदा कोणी काही म्हणालं म्हणून रेल्वेने तिगावलाही जाऊन आले. आणि बस जिथे थांबते तिथे कोणी ना कोणी खिडकीखाली येऊन विचारतं, "काका, भेटलं का?" संत्र्याचे क्रेट चढवणारे विचारतात, शाळेची पोरं विचारतात. अर्ध्या वाटेवर टोपली घेऊन उभी असणारी शेवंताबाई तर चुकत नाही. तिला हे नेमकं कसलं कार्ड ते माहीत नसावं, कारण एकदा तिने काकांना तहसीलमध्ये अर्ज करायला सांगितला होता. काका प्रत्येकाला सविस्तर उत्तर देतात.

"नाई ना, बाई. बोरगावले एक जण हाय म्हणे. जाऊन पाहिलं तं चौऱ्याहत्तर निंगालं. तुह्या गोऱ्ह्याचा पाय कसा हाय?"

मग गोऱ्ह्याच्या पायाची चौकशी होते. गजूभाऊ शिटी मारतात, बस निघते.

मी शेजारी बसून रोज हे ऐकत असे. इतक्या लोकांना इतकी काळजी, आणि काम तर फोनवर दोन मिनिटांचं, असं मनात येई. एकदा सुचवलंही. काका म्हणाले, "फोटो पाहून जनावर घेऊ नाई अन् कारडही घेऊ नाई. हात लावल्याशिवाय समजत नाई."  पण एका सुट्टीच्या दिवशी शोधलं, आणि सापडलं. कुठल्या तरी लांबच्या शहरातला विक्रेता, सत्तेचाळीस नंबर, चारही कोपरे शाबूत. मी मागवलं. कोणाला सांगणार नव्हते. नेमके दुसऱ्या दिवशी काका तापाने घरी राहिले आणि तिकीट फाडता फाडता गजूभाऊंनी मलाच विचारलं, "ताई, काकाचं भेटलं का?" माझ्या तोंडून निघून गेलं की भेटलं, रविवारी येईल.

सौसर येईपर्यंत अख्ख्या बसला ते माहीत झालं होतं. गजूभाऊंनी पेढे आणायचंही कबूल करून टाकलं.

ताप उतरून काका बसला आले तेव्हा खिडकीखालचं बोलणं बदललेलं होतं. भेटलं म्हणे, काका. चांगलं झालं, सुटले एकदाचे. एवढं म्हणून लोक क्रेटकडे वळत. काका हो, हो म्हणत माझ्याकडे बघून हसले, पण हसणं पुरेसं लांबलं नाही. पुढच्या दिवशी विचारणारे निम्मेही नव्हते. शुक्रवारी शेवंताबाई टोपली घेऊन सरळ मागच्या दाराने चढली. काका अख्खा रस्ता मांडीवरच्या जेवणाच्या डब्याकडे पाहत बसले. ताप अजून अंगात असेल, असं मला वाटलं.

शनिवारी काकूंनी हाक मारली. उद्या लोक येणार, अल्बमची पानं उन्हाने चिकटायला लागली, जरा नव्या पानांत भरून दे म्हणाल्या. काका दाढी-कटिंगला गेले होते. मी वार्डापासून सुरुवात केली. धुतल्या गेलेल्या कार्डाचा कप्पा घट्ट होता. अलगद ओढलं तर हातात दोन कार्डं आली, पाठीला पाठ लावलेली. एक बिनचेहऱ्याचं. दुसऱ्यावर ग्लोव्हज घातलेला एक हसरा मुलगा, एक कोपरा किंचित दुमडलेला, आणि मागे नंबर. सत्तेचाळीस.

मी वळून पाहिलं. काकू तुरीची डाळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले नव्हते.

"दोन वर्षं झाले त्याले," त्या म्हणाल्या. "यायले वाटते, मले माईत नाई. अल्बमवरची धूळ पुसून कोण राहिलं?"

मग डाळ निवडता निवडता त्यांनी सांगितलं. नोकरी होती तेव्हाही लोक खिडकीखाली यायचे. म्हैस चारा खात नाही, गाय दूध चोरते, गोऱ्हा लंगडतो. काका बसमधूनच औषध सांगायचे. रिटायर झाले, दवाखान्यात मोटरसायकलवर येणारा नवा माणूस आला, आणि काकांना विचारायचं काही उरलं नाही. पहिला महिनाभर ते रोज सकाळी डबा मागत. काकू भरून देत. काका ओट्यावर बसत आणि जेवणाच्या वेळेला तिथेच उघडून खात. मग एक दिवस नुसतेच बसमध्ये जाऊन बसले, सीटवर कोणा पोराचं कार्ड पडलेलं सापडलं, ते कोणाचं म्हणून विचारत फिरले, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. सत्तेचाळीस नंबर त्यांना रद्दीच्या दुकानात सापडला असणार, असा काकूंचा अंदाज. तिथून घरी आले त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन नेहमीसारखे शोधायला गेले.

मी दोन्ही कार्डं पाठीला पाठ लावून नव्या पानात घातली. बिनचेहऱ्याचं पुढे, हसरा मुलगा मागे.

रविवारी दुपारी पाकीट आलं. संध्याकाळी मी ते घेऊन गेले तेव्हा काकांचा ओटा भरला होता. गजूभाऊ पेढ्यांचा खोका घेऊन पुढेच बसले होते. काका इस्त्रीचा शर्ट घालून, भिंग हातात धरून बसले होते, ऑपरेशनला बोलावल्यासारखे. मी पाकीट फोडलं. कार्ड अर्धं बाहेर काढलं. तोच हसरा मुलगा. सगळे माझ्या हाताकडे पाहत होते. काका पाहत नव्हते. ते ओट्याखाली काढून ठेवलेल्या चपलांकडे पाहत होते, एकेक जोड, सावकाश.

मी म्हणाले, चुकीचं पाठवलं. कोणाला ऐकू गेलं नाही. माझा आवाज वर्गातच तेवढा मोठा होतो. तेव्हा वर्गातल्या आवाजात सांगितलं.

"चुकीचं पाठवलं त्यांनी. चौऱ्याहत्तर आहे."

गजूभाऊंनी पाहू द्या म्हणून हात पुढे केला. त्यांचा हात पोचायच्या आत चहाचा ट्रे आला आणि ट्रेखालून काकूंचा हात. पाकीट नाहीसं झालं. "वापस करा लागते ते," काकू म्हणाल्या. "हात लावून खराब करू नका. चहा घ्या."

गजूभाऊ खोक्याकडे पाहत राहिले. "मंग पेढे?"

"खाऊन घ्या. ते काय वापस घेन दुकानवाला?"

पेढे संपेपर्यंत ओट्यावर नुसता गोंधळ होता. कोणाचा साडू मुलताईला, कोणाची बहीण बैतुलला, तिकडे नक्की मिळेल असं प्रत्येकाला वाटत होतं. काकांचा आवाज सगळ्यात वर होता. फोटो पाहून घेऊ नाही हे आपण आधीच सांगितलं होतं, हे त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं पटवून दिलं, आणि त्या बिचाऱ्या विक्रेत्याचंही दातांपासून निदान केलं.

सोमवारी बसमध्ये चढल्यावर काका सीटपाशी थांबले आणि मला आधी आत जाऊ दिलं. खिडकीकडे. त्यांनी डबा मांडीवर घेतला. संत्र्याचे बगीचे मागे जात होते.

"नंबर बरोबर होता ना?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मानेनेच हो म्हटलं.

"कोपरे?"

"चारही शाबूत."

"नवी पानं पाहिली मी. माह्यावाल्याची एक खुरी मोडली हाय." ते जरा थांबले. "मंग तुह्यावालंच लावजो त्या कप्प्यात. मी नसलो की. तवरीक पाहत राहू आपण."

मी बरं म्हणाले. बस थांबली. शेवंताबाई टोपली खाली ठेवून खिडकीपाशी आली, आणि काकांच्या जागी मला पाहून थबकली. मग तिने टाचा उंचावल्या.

"भेटलं का वं, पोरी?"

काका समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत होते, जणू त्यांचा या प्रकरणाशी संबंध नाही.

"नाही ना, बाई," मी म्हणाले. "चौऱ्याहत्तर निघालं." गजूभाऊंनी अजून शिटी मारली नव्हती. मी खिडकीची काच आणखी सरकवली. "तुमच्या गोऱ्ह्याचा पाय कसा आहे?"